दोन लांब, एक आखूड

१

दोर धरायच्या कामाला अक्कल लागत नाही, असं लोकांना वाटतं. डायव्हर पाण्याखाली जातो, सगळी मर्दुमकी त्याची. आणि वर तराफ्यावर दोराचं टोक हातात घेऊन जी बाई उभी असते ती जणू कुत्रं फिरवायला आलेली. मी कोणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नाही. दोर हातात असताना मला बोलायला आवडतही नाही.

त्या सकाळी सगळं रोजच्यासारखंच होतं. बार्नीने हवेचा पंप सुरू केला. बार्नी आमचा मुकादम आणि तराफ्याचा मालक. त्याचं पोट आणि त्याचा पंप सारखेच गुरगुरतात. मी इनाच्या पट्ट्याला दोर बांधला. गाठीपलीकडे वीतभर दोर सुटा राहतो, तो नीट केला. गाठ ओढून बघितली, मग पुन्हा ओढून बघितली.

"आई, अजून एकदा ओढलीस ना, तर मी ती गाठ कापून टाकीन," इना म्हणाली. इना माझी मुलगी, एकुलती एक, आणि या नदीवरची सगळ्यात चांगली डायव्हर. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणत नाही.

"काप की. मग घरी पोहत ये."

"मायलेकींचं झालं असेल तर उतरा," बार्नी म्हणाला. "व्हुकला ओहोटीच्या आत नमुने हवेत. नाही मिळाले तर ती मलाच चिरून बघेल."

इना शिडीवरून पाण्यात गेली. आमच्या टास्मानियातल्या नद्यांचं पाणी चहाच्या रंगाचं. हातभर खाली गेलं की माणूस तांबूस दिसतो, अजून थोडं खाली गेलं की दिसतच नाही. तळाला गाळ आणि काळोख, तिथे सगळं काम चाचपडत करायचं. मार्लो नदीच्या मुखाशी ही डॉबसनची खाडी, आणि तिच्या काठावर एके काळी जस्ताचा कारखाना होता. आमच्या दोन पिढ्या त्याच्या पगारावर जगल्या आणि त्याची घाण नदीने पोटात घेतली. कारखाना बंद पडला, पण पारा, शिसं, जस्त सगळं गाळात बसून आहे. इथला मासा कोणी खात नाही. आता सरकारने मनावर घेतलं होतं. आधी तळाचं भंगार काढायचं, जागोजागी खुंट्या ठोकून तिथे पारदर्शक नळकांडं खुपसायचं आणि गाळाचा उभा नमुना वर आणायचा. मग सबंध खाडीच्या तळावर स्वच्छ वाळूचा जाड थर टाकायचा, म्हणजे विष खालच्या खाली राहील. त्या थराला आम्ही पांघरूण म्हणत होतो.

इनाचा आवाज तारेवरून बार्नीजवळच्या स्पीकरच्या डब्यात येतो, त्यामुळे दोराच्या खुणा आता नावापुरत्या उरल्या आहेत. तरी मी त्या सोडत नाही, तारेचा काय भरवसा. एक ओढ म्हणजे थांब, आहेस तिथेच राहा. चार म्हणजे वर ये. आणि सगळ्या खुणांच्या वरचा एक नियम: आलेली खूण जशीच्या तशी परत द्यायची. परत आली नाही तर समजायचं, दुसऱ्या टोकाला काहीतरी बिघडलं आहे.

आत स्टोव्हवर किटली गुणगुणत होती. पलीकडच्या खांबावर एक पाणकावळा पंख वाळवत बसला होता. आणि दोराला ओढ आली. दोन लांब, एक आखूड.

माझ्या हाताने मला विचारलंसुद्धा नाही. त्याने तीच खूण परत दिली.

"आई?" डब्यातून इनाचा आवाज आला. "दोर का ओढलास?"

"तू ओढलास म्हणून."

"मी? माझे दोन्ही हात नळकांड्यावर आहेत. अर्धं गाळात गेलंय. मी कशाने ओढू, दातांनी?"

बार्नी हसला आणि माझ्याकडे बघून हसायचा थांबला. मी दोराकडे बघत होते.

२

ती खूण या जगात दोनच माणसांना ठाऊक होती. त्यातली एक मी.

दुसरा ब्रॅम, माझा नवरा. तोही डायव्हर, आणि त्याचा दोर मी धरायचे. दोन लांब, एक आखूड म्हणजे: किटली ठेव, येतोय मी. अशी खूण कुठे शिकवत नाहीत, ती आमची आम्ही केलेली. ब्रॅम वर यायचा, डोक्यावरचं शिरस्त्राण काढायचा आणि मी त्याच्या हातात वाफाळता कप द्यायचे. बार्नीला हे कोडं कधी सुटलं नाही. "हिला तुझा पाण्यातून वास येतो का रे?" असं तो विचारायचा. ब्रॅम नुसता हसायचा आणि कपात नाक खुपसायचा.

अपघात याच खाडीत झाला. बुडालेला जुना तराफा वर काढायचं काम चाललं होतं आणि कारखान्याच्या धक्क्याखालचा गाळाचा उतार घसरला. त्याच्या आधी, अगदी आधी, दोराला ओढ आली होती. दोन लांब, एक आखूड. मी उत्तर द्यायला हात उचलला आणि दोर ढिला पडला. वर ओढला तेव्हा टोक तुटलेलं होतं. शोध झाला, पण तिथला गाळ असा की घरावर घर ठेवलं तरी वर काही दिसू नये. शेवटी पोलिसांनी टोप्या काढल्या आणि ते गेले. चौकशीत कोणाची चूक निघाली नाही, माझीही नाही. इना तेव्हा चार वर्षांची होती.

माणूस गेल्याचं दुःख हळूहळू झिजतं म्हणतात, आणि माझंही बरंचसं झिजलं. झिजलं नाही ते एवढंच, की त्याची शेवटची खूण परत द्यायची राहून गेली. अजूनही भांडी घासताना, दुकानात रांगेत उभी असताना माझा उजवा हात मध्येच आवळतो. समोरचा माणूस विचारतो, बरं आहे ना? मी म्हणते, वात आहे.

आणि हे काम मी का घेतलं तेही सांगते, त्यात लाजायचं काय? बार्नी म्हणाला होता, "नेरिडा, तिथलं काम दुसऱ्या कोणाला तरी जाऊ दे." मी ऐकलं नाही. एकदा पांघरूण पडलं की त्या गाळात पुन्हा कोणी हात घालणार नव्हतं. त्याआधी एखादं हाड, पट्ट्याची एखादी कडी, काहीही वर आलं असतं तर मला ते पुरायचं होतं. मला तो हवा होता, जेवढा मिळेल तेवढा.

पण मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. हवेची नळी खुंटीत अडकून सुटली की दोराला हिसका बसतो. लांबून फेरी बोट गेली की तिच्या लाटा मागाहून येतात, त्याही अशाच लांब-आखूड असतात. आणि हाताला वर्षानुवर्षं एकच गोष्ट हवी असली तर तो ती कशातही शोधून काढेल. दुपारपर्यंत माझी खात्री पटली की मला माझ्याच हाताने फसवलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा ओढ आली. फेरी बोट त्या दिवशी बंद होती.

३

व्हुक म्हणजे डॉक्टर व्हुकिच, लॉन्सेस्टनहून आलेली गाळाची तज्ज्ञ. काठावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचं टेबल होतं. आम्ही नळकांडी आणून द्यायचो आणि ती त्यांतला गाळ गाजरासारखा चकत्या करत कापायची.

"नेरिडा, इकडे ये. तुझ्या लेकीने मला वेड लावलंय," ती एका संध्याकाळी म्हणाली. इना कोपऱ्यात हात धूत होती.

तिने दोन नळकांडी शेजारी शेजारी उभी केली. पहिल्यात पट्टे स्वच्छ दिसत होते. वर तपकिरी, मग कारखान्याच्या वर्षांचा काळा, आणि तळाशी राखाडी, कारखान्याच्या आधीचा. "हे बघ, किती शहाण्यासारखं. या गाळात किडा नाही, गांडूळ नाही, शिंपलाही नाही. काही जगतच नाही. ढवळणारं कोणी नसलं की गाळ जसा पडला तसा राहतो." मग तिने दुसऱ्यावर टिचकी मारली. "आणि हे सातव्या खुंटीजवळचं."

त्यात एकही पट्टा नव्हता. तपकिरी, काळा, राखाडी सगळं एकमेकांत कालवलेलं होतं.

"तिथेच उतार घसरला होता," मी म्हणाले. व्हुकला त्या अपघाताचं माहीत होतं. तिने माझ्याकडे न बघता मान हलवली.

"मीही आधी तेच म्हटलं. पण घसरलेल्या गाळावर इतक्या वर्षांत नवा थर बसायला हवा. इथे नाहीये. हे ताजं आहे. आणि सहावी खुंटी गेल्या आठवड्यात नीट होती, आज ती अशी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ढवळणं सरकतंय. खुंटीखुंटीने, तुमच्या तराफ्याच्या दिशेने." ती स्वतःच हसली. "असं लिहिलं तर मला सक्तीच्या रजेवर पाठवतील. खालून वायू सुटत असेल. मेलेल्या गाळात बुडबुडे जागा बदलतात."

बुडबुडे. मला ते पटलं, म्हणजे मी पटवून घेतलं. नळकांडी उचलून ठेवायला मी वळले तर इना तिथे उभी होती. ढवळलेलं नळकांडं तिने दोन्ही हातांनी धरलं होतं, थंडीत गरम कप धरावा तसं.

"हे थंड का नाहीये?" ती म्हणाली.

"तुझे हात गार आहेत म्हणून," व्हुक म्हणाली. "इकडे दे. आणि हात पुन्हा धू, पारा आहे त्यात."

४

मग ती खूण रोज यायला लागली आणि मी रोज उत्तर द्यायला लागले. बार्नीला सांगायला हवं होतं. त्याने काम थांबवलं असतं, माझ्या हातातून दोर काढून घेतला असता, म्हणून मी सांगितलं नाही. इनाने पुन्हा "दोर का ओढलास" असं विचारलं नाही. तेव्हा मला ते बरंच वाटलं.

खरं सांगायचं तर मी सुखात होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सकाळी उठावंसं वाटायला लागलं होतं. मी केस विंचरून कामावर यायचे. दोन लांब, एक आखूड, आणि माझं उत्तर. मग मी आत जाऊन किटली ठेवायचे. वेड लागलं असेल तर लागू दे, असं मला वाटायचं.

"कोणी भेटलंय की काय तुला?" बार्नीने विचारलं.

"हो."

"आम्हाला कधी दाखवणार?"

"तुला बघून तो पळून जाईल," मी म्हणाले. बार्नीने आपल्या पोटावर हात फिरवला.

पण इना बदलत होती. पूर्वी काम संपलं की ती बुचासारखी वर यायची, आता तिला दोनदा हाक मारावी लागत होती. तिची हवेची नळी गाळाने बरबटलेली असायची, ती आता स्वच्छ यायची. भंगारात, खुंट्यांत कुठे अडकायची नाही. जणू मागून कोणीतरी ती उचलून धरत चाललं होतं.

एका शनिवारी आम्ही गावातून शिंपल्यांचे पॅटिस आणले, मसालेदार रस्सा भरलेले, ब्रॅमला आवडायचे तसले. स्वयंपाकघरात बसून खात होतो. इना काट्याने पॅटिसचं नुसतं वरचं आवरण फोडत होती.

"आई, बाबाच्या हातमोज्याला ठिगळ होतं का?"

मी काटा खाली ठेवला. "का?"

"असंच. होतं का?"

"डाव्या. तळव्यावर. सायकलच्या ट्यूबचं, चौकोनी. मीच चिकटवलं होतं." ते हातमोजे त्याच्याबरोबरच गेले होते. कुठल्याही फोटोत ते नाहीत.

इनाने मान हलवली, एखादा हिशेब जुळला की हलवावी तशी. "मला त्याचं काहीच आठवत नाही. तुला माहितेय? तू सांगतेस तेच मी आठवते. चेहरा फोटोतला, आवाज तर नाहीच. मी या धंद्यात आले ते त्याला कळावं म्हणून, आणि त्याला तर मी कोण तेही..." ती थांबली. "आता खाली बरं वाटतं. वर आलं की उगाच गोंगाट."

"इना, खाली कोण आहे?"

"कोणी नाही गं," ती म्हणाली आणि इतकी गोड हसली की मला घाम फुटला. माझ्याच डोक्यात आजवर कसं आलं नाही? तो किटली ठेव म्हणत होता, येतोय मी म्हणत होता. पण दोराच्या खालच्या टोकाला मी नव्हते, माझी मुलगी होती.

५

सोमवारी वाळूची जहाजं आली. व्हुकला फक्त एक नमुना हवा होता, पहिल्या खुंटीचा. ती खुंटी आमच्या तराफ्याच्या बरोबर खाली होती.

"मी नाही जाऊ देणार," मी इनाला म्हणाले.

"मग बार्नी जाईल का? त्याला वर काढायला क्रेन लागेल." तिने पट्टा माझ्यासमोर केला. "बांध गाठ. शेवटची बुडी आहे. नाहीतर मी स्वतः बांधून जाते."

ती गेली असती. म्हणून मी बांधली. आज काहीही आलं तरी उत्तर द्यायचं नाही, एवढं मात्र ठरवलं. लख्ख ऊन होतं. जहाजावरची माणसं रेडिओवर क्रिकेट ऐकत होती.

खूण आली. दोन लांब, एक आखूड. मी मूठ आवळून धरली. पुन्हा आली. माझा हात इतका ओढ घेत होता की मी तो दुसऱ्या हाताने दाबून धरला. मला उत्तर द्यायचं होतं, जगात दुसरं काही करायचंच नव्हतं. तिसऱ्यांदा ओढ आली तेव्हा मी कठड्याला जाऊन आपटले.

"आई," डब्यातून इनाचा आवाज आला. झोपेत बोलावं तसा संथ. "उत्तर दे ना. तो थांबलाय."

"कोण थांबलाय?" बार्नी म्हणाला. "इना, झालं तेवढं पुरे. वर ये."

"थोडं थांब ना."

"थोडंबिडं नाही. आत्ता."

उत्तर आलं नाही. तिचा श्वास ऐकू येत होता, आणि दोन श्वासांच्या मध्ये आणखी काहीतरी, ओल्या गाळात रुतलेला पाय हळूच काढावा तसा आवाज. बार्नीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी चार ओढी दिल्या. वर ये.

चार ओढी परत आल्या. पण त्या इनाच्या हाताच्या नव्हत्या. इना घाईघाईने ओढते. या सावकाश, दमाने दिलेल्या होत्या, प्रत्येक ओढ मनगटातून. तो हात मी झोपेतही ओळखला असता.

आणि वजन वर यायला लागलं. मी आणि बार्नी मिळून दोर ओढत होतो. इनाला ओढायची मला सवय आहे, तिचं वजन माझ्या खांद्यांना पाठ आहे. हे दुपटीच्या वर होतं. मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. तो येतोय, असंच वाटलं. मी वर ये म्हणाले आणि तो येतोय, इतक्या वर्षांनी, आणि किटलीत पाणी आहे.

"आई," इना म्हणाली. आता ती पुरती जागी झाली होती. "आई, तो मला घट्ट धरतोय. श्वास... नळी..."

"हवा जात नाहीये," बार्नी ओरडला. "नळी दाबली जातेय. ओढ, नेरिडा, ओढ."

आम्ही ओढलं. जितकं ओढलं तितका तिचा आवाज घोगरा होत गेला. त्याला काही वाईट करायचं नव्हतं, मला माहीत आहे. वर यायचं तर कशाला तरी धरावं लागतं, आणि त्याने जे हाताशी होतं ते धरलं होतं. मी ओढायची थांबले. दोर दोन्ही हातांत घेतला आणि एकच ओढ दिली. थांब. आहेस तिथेच राहा.

"वेडी झालीस का?" बार्नी म्हणाला. "तिला थांब काय सांगतेस?"

"तिला नाही सांगत."

दोर ताणलेला राहिला. माझ्या तोंडातून त्याचं नाव निघालं असावं. बार्नी सांगतो की मी म्हणत होते, ऐक ना, ऐक ना माझं. तो कधी खुणेच्या बाहेर गेला नव्हता. त्या एका गोष्टीसाठी मी त्याच्यावर विश्वास टाकून लग्न केलं होतं.

एक ओढ परत आली. हलकेच.

आणि वजन निम्म्याहून कमी झालं. इना वर आली, शिडीला बिलगली, बार्नीने काखेत हात घालून तिला धरलं. मी तिच्या पायांखाली बघत होते. गाठीपलीकडचा सुटा दोर लोंबत नव्हता. वीतभराचा तो आता, कसा कोण जाणे, लांब खाली, त्या तांबूस पाण्यात ताठ गेलेला होता. त्याच्या टोकाला एक हात होता. उघडलेला डावा तळवा, त्यावर काळं चौकोनी ठिगळ. बोटं एकेक करून दोरावरून सुटली, आणि मग नुसतं पाणी.

इनाने शिरस्त्राण काढलं. ओठ निळे पडले होते. मला वाटलं ती माझ्या गळ्यात पडेल.

"तू त्याला का थांबवलंस?" ती म्हणाली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली.

६

इना आता दक्षिणेला समुद्रात सामन मासे पाळतात त्या पिंजऱ्यांवर काम करते. तिथे तळ स्वच्छ आहे. ती रविवारी फोन करते, आम्ही हवापाण्याचं बोलतो. ती मला माफ करेल, पण अजून केलेलं नाही. मी तिला म्हणाले, मला तू हवी होतीस. ती म्हणाली, मला माहितेय, आणि तोही तुला हवा होता ना?

पांघरूण घालायच्या कामावर मी राहिले. वाळू पडत असताना खोली मोजायला माणूस लागतो. शिशाचं वजन बांधलेला, मीटरच्या खुणा केलेला दोर सोडायचा, वजन टेकलं की खूण वाचून ओरडून सांगायची. त्या दोराच्या टोकाला कोणी माणूस नसतो. पहिल्या खुंटीजवळ मी तो सोडला आणि वजन टेकताच ओढ आली. दोन लांब, एक आखूड.

मी उत्तर दिलं. आता कोणाचा जीव मध्ये नव्हता, तर का देऊ नये? इतकी वर्षं राहून गेलेलं ते उत्तर मी पोटभर दिलं. मग आत जाऊन किटली ठेवली.

दिवसेंदिवस खोली कमी होत गेली आणि ओढ हलकी होत गेली. जाड रजईखालून कोणी बोलावं तशी. शेवटच्या दिवशी वाळू ठरल्याइतकी पडली. बार्नी जहाजावरून क्रेन सांभाळत होता. मी त्या दिवशी किटली आधीच ठेवली, मग वजन सोडलं आणि वाट बघितली. बराच वेळ काही आलं नाही. पाणी वाळूने गढूळ झालं होतं, आणि तरी चहासारखंच दिसत होतं, दूध घातलेल्या. मी शिडी उतरायला लागले. का, ते सांगता येत नाही. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. ते अजिबात थंड नव्हतं. अजून दोन पायऱ्या, आणि मग शिडी संपते, एवढंच मला समजत होतं.

तेव्हा दोराला ओढ आली. एकच, स्पष्ट. थांब. आहेस तिथेच राहा.

मी पायरीवर उभी राहिले. किती वेळ ते ठाऊक नाही. इतकं रडू मला चर्चमधल्या त्याच्या प्रार्थनेच्या दिवशीही आलं नव्हतं. पण आलेली खूण परत द्यावी लागते. मी एक ओढ दिली. दोर हातात सैल झाला आणि तसाच राहिला.

"नेरिडा," जहाजावरून बार्नीने हाक मारली, "किती?"

मी डोळे पुसून दोरावरची खूण वाचली आणि आकडा सांगितला. आत किटली शीळ घालत होती. मी शिडी चढून स्टोव्ह बंद करायला गेले.